चतुर्थी आटोपली की इबिझा

गोव्याचा सीझन संपतो तेव्हा इबिझाचा सुरू होतो. मे अखेरीस आपल्या किनाऱ्यांवरचे शॅक उतरवले जातात, तोवर तिकडच्या क्लबांच्या ओपनिंग पार्ट्या होऊन गेलेल्या असतात. ऑक्टोबरात आपण पुन्हा बांबू रोवायला लागतो, तेव्हा तिकडे क्लोजिंग पार्ट्या उरकून दारं बंद होत असतात. त्यामुळे पर्यटनावर पोट असलेल्या गोंयकाराला हे बेट सोयीचं पडतं. आपल्याकडे काम नसतं नेमके तेव्हाच ते पूर्ण भरात असतं.

बेट लहान आहे. क्षेत्रफळ सुमारे ५७२ चौरस किलोमीटर, म्हणजे पेडणे आणि बार्देश हे दोन तालुके एकत्र केले त्याहून थोडं मोठं. स्पेनच्या बालेआरिक द्वीपसमूहातलं हे बेट. स्पॅनिश लोक त्याला ‘इबिथा’ म्हणतात, तर स्थानिक कॅटलान भाषेत ते ‘एइव्हिस्सा’. पाट्यांवर दोन्ही नावं दिसतात, तशीच सान अँतोनियो आणि सांत अंतोनी ही दोन्हीही. म्हापसा आणि मापशें वाचायची सवय असलेल्याला हे जड जाणार नाही, पण नकाशात आणि बसच्या वेळापत्रकात दोन्ही स्पेलिंगं शोधा.

समुद्र, पार्टी, फ्ली मार्केट, महाग टॅक्सी हे सगळं ओळखीचं असल्यामुळे गोव्याचा माणूस तिथे निर्धास्त उतरतो आणि नेमका तिथेच फसतो. खाली सांगितलेल्या बऱ्याचशा चुका गोव्याच्या सवयीमुळे होणाऱ्या आहेत.

कधी जावं

ऑगस्ट टाळा. सगळा युरोप तेव्हा सुट्टीवर असतो, खोल्यांचे दर चढलेले असतात आणि लहान किनाऱ्यांवर सतरंजी टाकायला जागा मिळत नाही. उत्तम काळ दोन: मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, आणि सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा. पहिल्या काळात दिवस मोठा असतो, सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, पण समुद्राचं पाणी आपल्या मानाने थंडगार लागतं. दुसऱ्या काळात उन्हाळाभर तापलेलं पाणी अजून कोमट असतं आणि क्लोजिंग पार्ट्याही मिळतात. चतुर्थी साधारण ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्यात येते, तेव्हा गणपती पोचवून निघालेल्या माणसाला दुसरा काळच जमतो. ऑक्टोबरच्या मध्यानंतर मात्र जाऊ नका. बहुतेक क्लब आणि किनाऱ्यावरची हॉटेलं तेव्हा बंद होतात. पावसाळ्यातलं बागा आठवा, म्हणजे चित्र कळेल.

व्हिसा

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांचा सामायिक व्हिसा लागतो. मुक्काम फक्त इबिझात असेल तर अर्ज स्पेनकडेच करायचा. गोवा मुंबईच्या स्पॅनिश वकिलातीच्या अखत्यारीत येतो आणि अर्ज बीएलएस या कंपनीच्या व्हिसा केंद्रावर घेतात. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि निदान १५ दिवस आधी तो आत गेलेला हवा. निकालाची मुदत १५ दिवसांची असली तरी ती ४५ दिवसांपर्यंत लांबवण्याचा अधिकार त्यांना आहे. शिवाय उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळणं हीच मोठी अडचण असते. सप्टेंबरात जायचं असेल तर मे-जूनमध्येच तारीख मिळवा. शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, शिवाय केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, परतीनंतर तीन महिने चालणारा हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा आणि शेंगेनच्या सर्व देशांत चालणारा घ्या.

पैशाचा पुरावा हा खरा कळीचा मुद्दा. स्पेन माणशी दिवसाला तिथल्या मासिक किमान वेतनाच्या १० टक्के रक्कम मागतं. २०२५मध्ये ती सुमारे ११८ युरो होती, आणि मुक्काम चार दिवसांचा असला तरी एकूण निदान १,०६६ युरो दाखवावे लागत. शॅकवाले, रेंट-अ-कॅबवाले, गेस्टहाउसवाले इथे अडकतात. त्यांचा पैसा नोव्हेंबर ते मार्चमध्ये येतो आणि अर्ज जूनमध्ये जातो. मग शेवटच्या तीन महिन्यांच्या स्टेटमेंटमध्ये नुसता खर्च दिसतो, अधिकाऱ्याला वाटतं धंदा बुडाला, आणि नकार येतो. उपाय साधा आहे: स्टेटमेंट पूर्ण वर्षाचं जोडा, आयकर विवरणपत्रं जोडा, पर्यटन खात्याचा परवाना किंवा व्यवसायाची नोंदणी जोडा, आणि कव्हर लेटरमध्ये चार ओळींत लिहा की गोव्यात हा व्यवसाय हंगामी आहे आणि पुढच्या हंगामासाठी अमुक महिन्यात परत यायचंच आहे. अर्जाच्या आदल्या आठवड्यात भाऊ-मेहुण्याकडून घेऊन खात्यात भरलेली गठ्ठा रक्कम मदत करत नाही, उलट संशय वाढवते.

ज्यांच्या जन्माची नोंद लिस्बनला झाली आहे आणि हातात पोर्तुगीज पासपोर्ट आहे, त्यांना स्पेनसाठी व्हिसा लागत नाही. भारतात परतण्यासाठी मात्र ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिकाचं) कार्ड किंवा भारताचा व्हिसा लागतो. तो विषय निघण्यापूर्वी मिटवा. घरात एकाचा पासपोर्ट पोर्तुगीज आणि दुसऱ्याचा भारतीय असेल, तर एक सवलत बऱ्याच जणांना ठाऊक नसते. युरोपीय नागरिकाच्या पतीला किंवा पत्नीला, सोबत प्रवास करत असल्यास, स्पेनचा व्हिसा विनाशुल्क मिळतो. त्यासाठी विवाहनोंदणीचा दाखला जोडायचा, आणि तो तर गोव्यात प्रत्येकाकडे असतोच.

विमान

थेट विमान नाही. सोपा मार्ग म्हणजे गोवा ते आखाती शहर, तिथून बार्सिलोना किंवा माद्रिद, आणि तिथून सुमारे तासाभराच्या विमानाने इबिझा. तिकिटावर गोव्याच्या दोन विमानतळांपैकी दाबोळी आहे की मोप, हे दोनदा वाचा. काणकोण-सांग्याहून मोपला पोचायचं तर निदान अडीच तास हाताशी ठेवा.

शेवटचा टप्पा स्वस्त विमान कंपनीचा वेगळ्या तिकिटावर घेतला की पैसे वाचतात, पण मग सामान तुम्ही स्वतः उतरवून पुन्हा चेक-इन करायचं. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरं तुमची वाट पाहत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत. युरोपात शिरताना इमिग्रेशन बार्सिलोना-माद्रिदलाच होतं, आणि ऑक्टोबर २०२५पासून सुरू झालेल्या नव्या पद्धतीत बोटांचे ठसे व फोटो घेत असल्याने रांगा लांबतात. दोन विमानांमध्ये चार तासांहून कमी वेळ ठेवू नका. या कंपन्यांत फुकट मिळते ती फक्त सीटखाली मावणारी छोटी बॅग. वरच्या कप्प्यातली ट्रॉली आणि चेक-इनची बॅग तिकिटासोबतच विकत घ्या, दारावर तिचे दुप्पट-तिप्पट पैसे मोजावे लागतात. लंडनमार्गे स्वस्त तिकीट दिसलं तर थांबा: भारतीय पासपोर्टवर नुसतं विमान बदलायलाही ब्रिटनचा वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागतो, आणि शेंगेनचा पर्यटक व्हिसा असला तरी त्यातून सूट मिळत नाही.

बॅगेत चोरीस (गोव्याचं मसालेदार सॉसेज) भरू नका. मांस आणि दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात नेता येत नाहीत, म्हणजे तूप, पेढे, खव्याची मिठाईही नाही. फेणी चालते, माणशी एक लिटर, तीही चेक-इनच्या बॅगेत नीट गुंडाळून. तिथल्या हॉटेलातली प्लगची भोकं दोन गोल पिनांची असतात. मोबाईलचा दोन पिनांचा बारीक चार्जर चालतो, तीन पिनांचा चालत नाही. अ‍ॅडॉप्टर म्हापशाच्या बाजारातूनच घ्या.

मुक्काम कुठे

हा निर्णय चुकला की सगळा खर्च टॅक्सीत जातो. क्लब एका ठिकाणी नाहीत. कुठल्या दोन-तीन रात्री कुठे जायचं ते आधी ठरवा, मग खोली घ्या.

प्लाया द’एन बोसा हे त्यांचं बागा-कळंगुट. हाय इबिझा आणि उशुआया हे दोन्ही क्लब इथे समोरासमोर, पायी पोचण्याच्या अंतरावर. किनारा बेटावरचा सर्वांत लांब, पण विमानं डोक्यावरून जातात आणि रात्री शांतता मिळत नाही. इबिझा शहर जास्त उपयोगी: १९७३ पासूनचा पाचा क्लब बंदरापासून चालत जाता येतो, बसस्थानक इथलंच, फोर्मेंतेरा बेटाची फेरी इथून सुटते, आणि वर दाल्त व्हिला ही सोळाव्या शतकातल्या तटबंदीची जुनी वस्ती. सान अँतोनियो पश्चिमेला, शहरापासून साधारण १५ किलोमीटर. खोल्या त्यातल्या त्यात स्वस्त, सूर्यास्त तिथला, पण वेस्ट एंड नावाच्या गल्ल्यांत तरुण ब्रिटिशांची झुंबड असते. अ‍ॅम्नेशिया आणि २०२५ मध्ये उघडलेला युनिव्हर्स हे दोन क्लब सान राफाएलला, म्हणजे शहर आणि सान अँतोनियोच्या मधोमध आहेत. मुलाबाळांसह जाणाऱ्यांनी सांता एउलारिया पाहावं.

हॉटेलच्या बिलात प्रौढांमागे प्रत्येक रात्रीचा पर्यटनकर येतो. हॉटेलच्या दर्जानुसार तो उन्हाळ्यात १ ते ४ युरो आणि त्यावर थोडा व्हॅट इतका असतो. सोळाच्या खालच्या मुलांना तो लागत नाही. ऑनलाइन भरलेल्या रकमेत बहुधा तो धरलेला नसतो, म्हणून काउंटरवर वाद घालू नका.

रात्र

गोव्यात उघड्यावरचं संगीत दहाला बंद होतं, त्यामुळे आपण आठलाच पोचायला बघतो. तिथे बंदिस्त क्लब मध्यरात्री उघडतात, दोनच्या सुमारास भरतात आणि पहाटे सहापर्यंत चालतात. अपवाद उशुआयाचा. तो उघड्यावरचा आहे, दुपारी सुरू होतो आणि रात्री अकरा-बाराच्या सुमारास संपतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने एक रात्र तरी असाच दिवसाचा कार्यक्रम घ्यावा, झोप मोडत नाही आणि परतीला बसही मिळते. तिथली घड्याळं उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतात, म्हणजे त्यांच्या रात्री दोनला तुमच्या शरीराचे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. उतरल्या दिवशीच क्लबचं तिकीट काढणारे बहुतेक जण बाराला खोलीत घोरत पडतात आणि पैसे वाया जातात.

प्रत्येक क्लबमध्ये वाराप्रमाणे वेगळा कार्यक्रम असतो. विमानतळाजवळचा डीसी-१० सोमवारसाठी प्रसिद्ध आहे. तेव्हा आधी वार पाहा, मग क्लब. तिकीट क्लबच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून काढा. ते टप्प्याटप्प्याने महागतं, म्हणून लवकर घेतलेलं स्वस्त पडतं. ‘एक वाजेपर्यंत प्रवेश’ असं लिहिलेलं स्वस्त तिकीट एक वाजून पाच मिनिटांनी निरुपयोगी होतं.

खर्चाचा हिशेब करताना एक युरो म्हणजे शंभर रुपये धरा. चांगल्या रात्रीचं तिकीट ५० ते ९० युरो, आत एक ड्रिंक २० युरोंच्या आसपास, पाण्याची छोटी बाटली १० युरोंच्या आसपास. तिकीट, दोन ड्रिंक, पाणी आणि येणंजाणं मिळून एका माणसाची एक रात्र सहज तेरा ते पंधरा हजार रुपयांची होते. पाच दिवसांत दोन रात्री क्लबला पुरेत. आपल्याकडच्या दराने पिण्याची सवय असलेला माणूस तिसऱ्या दिवशी हवालदिल होतो.

त्यावर उपाय म्हणून दुकानातून बाटली घेऊन किनाऱ्यावर बसावं असं वाटेल, पण सान अँतोनियोच्या ठरवून दिलेल्या भागात रस्त्यावर पिणं बंद आहे, दंड ५०० ते १,५०० युरो. तिथली दुकानं रात्री साडेनऊ ते सकाळी आठ दारू विकत नाहीत. गोव्यातही किनाऱ्यावर प्यायल्यास दंड आहेच, फक्त तिथला खरोखर वसूल होतो. अंमली पदार्थ सार्वजनिक जागी जवळ सापडले तर दंड ६०१ युरोंपासून सुरू होतो, आणि तोही किरकोळ प्रमाणाला. विकताना सापडला तर तुरुंग.

ये-जा

पायलट (मोटारसायकल टॅक्सी) नाही, कोपऱ्याकोपऱ्यावर रेंट-अ-बाईक नाही, आणि पहाटे सहाला क्लब सुटला की टॅक्सीची रांग तासाभराची. टॅक्सीचा बोर्ड नसलेली गाडी घेऊन ‘टॅक्सी, टॅक्सी’ करत जवळ येणारे बेकायदा असतात. त्यांत बसू नका. उन्हाळ्यात रात्री डिस्कोबस चालते, ती इबिझा शहर, बोसा आणि सान अँतोनियो जोडते आणि मोठ्या क्लबांपाशी थांबते. विमानतळावरूनही शहराला साधी बस आहे, अंतर जेमतेम ७-८ किलोमीटर.

स्कूटर किंवा कार घ्यायची तर आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. आपल्या आरटीओत फॉर्म ४अ भरून, १,००० रुपये शुल्क देऊन तो मिळतो आणि वर्षभर चालतो. मूळ परवानाही सोबत हवा. दुचाकी भाड्याने घ्यायची असेल तर परवान्यावर गिअरच्या दुचाकीची नोंद आहे ना ते पाहा, नुसत्या चारचाकीच्या परवान्यावर देत नाहीत. कार कंपन्या अनामत रक्कम चालकाच्या स्वतःच्या नावाच्या क्रेडिट कार्डावर रोखतात. डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड पुढे केलं की गाडी हातची जाते, किंवा त्यांचा महागडा विमा गळ्यात पडतो. किनाऱ्यांकडे जाणाऱ्या बऱ्याच वाटा तांबड्या मातीच्या, खड्ड्यांच्या असतात. आपल्याला त्यात काही नवल नाही, पण चाक-टायरचं आणि खालून झालेलं नुकसान बहुतेक विम्यांत बसत नाही. गाडी उजव्या बाजूने चालवायची. पार्किंगच्या निळ्या रेषा पैशाच्या, पांढऱ्या फुकटच्या, पिवळ्यावर उभी केली की क्रेन घेऊन जाते. २०२५पासून उन्हाळ्यात बेटावरच्या गाड्यांच्या संख्येवर मर्यादा घातली आहे, म्हणून गाडी महिनाभर आधी ठरवा.

समुद्र

मोरजी किंवा कोलव्यासारखी मैलभर वाळू मनात धरून जाऊ नका. तिथला किनारा म्हणजे बहुतेक ‘काला’, खडकांमधली छोटी खाडी, कधी शंभर मीटरही नाही. पाणी काचेसारखं स्वच्छ, लाट नाही, भरती-ओहोटी जवळपास नाही. पण तळ खडकाळ असतो, चार पावलांवर खोल होतो, आणि खडकांना काटेरी समुद्री साळू चिकटलेले असतात. अनवाणी उतरायची आपली सवय इथे महागात पडते. पाण्यातले रबरी बूट न्या.

कुठल्या काठावर जायचं ते रोज सकाळी वाऱ्यावरून ठरवा. वारा ज्या दिशेने येतो त्या बाजूचा समुद्र खवळतो आणि जेलीफिशही तिकडेच ढकलले जातात. ‘येव्हांत’ म्हणजे पूर्वेचा वारा असेल तर पश्चिमेला काला कोम्ते, काला बासा. ‘पोनेंत’ म्हणजे पश्चिमेचा असेल तर पूर्वेला सांता एउलारियाच्या बाजूचे किनारे. ‘त्रामुंताना’ म्हणजे उत्तरेचा असेल तर दक्षिणेला सेस सालिनेस. हवामानाच्या कुठल्याही अ‍ॅपवर दिशा दिसते. लाल बावटा असेल तर शांत दिसणाऱ्या पाण्यातही उतरू नका.

काठावर वाळलेल्या तपकिरी पात्यांचे ढीग दिसले तर ती घाण नव्हे. ते पोसिडोनिया नावाचं समुद्री गवत आहे. पाणी इतकं नितळ राहतं त्यात या गवताचा मोठा वाटा आहे आणि ते ढीग वाळूही धरून ठेवतात. १९९९ मध्ये युनेस्कोने इबिझाला वारसा यादीत घेतलं त्यात या गवताची कुरणंही आहेत. बोट भाड्याने घेतली तर नांगर पांढऱ्या वाळूवरच टाका, गडद ठिगळावर टाकला तर दंड होतो.

काला सालादा आणि बेनिर्रास इथे पार्किंग सकाळीच भरतं आणि मग गाड्या वरच अडवतात. दहाच्या आत पोचा, नाहीतर बसने जा. सेस सालिनेसला जाताना वाटेत मिठागरं लागतात, फिनिशियन काळापासून चालत आलेली. अगरवाड्याची मिठागरं पाहिलेल्याने तिथे दहा मिनिटं जरूर थांबावं. आखणीत फार फरक नाही, पण तिथलं मीठ आजही विकलं जातं आणि भाव बघून हेवा वाटतो.

साठच्या दशकात जे हिप्पी हणजुण्याला आले त्यांच्या वाटेवर इबिझाही होतं, आणि त्याची खूण बाजारांत उरली आहे. एस काना इथला पुंता अराबीचा हिप्पी बाजार हणजुण्यासारखाच बुधवारी भरतो, सान कार्लोसचा लास दालियास शनिवारी. भाव करायची सवय मात्र आवरा, पाच-दहा टक्क्यांपलीकडे कुणी हलत नाही. आणि तिबेटी माळा व झोळ्या घेऊ नका, त्यांतल्या बऱ्याचशा आपल्याच बाजूने गेलेल्या असतात.

जेवण

दुपारचं जेवण दोन ते चार, रात्रीचं नऊनंतर. मधल्या वेळेत चांगली स्वयंपाकघरं बंद असतात. दुपारी ‘मेनू देल दिया’ मागा, दोन पदार्थ, गोड आणि पेय मिळून तो रात्रीच्या एका पदार्थाच्या किमतीत बसतो. मासे खाणाऱ्याने ‘बुयित दे पेइश’ एकदा खावं: आधी बटाट्यांसह शिजवलेला मासा, मग त्याच रश्शात शिजवलेला भात. आपल्या हुमणाच्या मानाने मिळमिळीत, पण मासा ताजा असतो. न मागता आलेला पाव आणि लसणाचं आयोली बिलात लागतं, नको असेल तर लगेच परत पाठवा. शाकाहारी माणसाने ‘सीन कार्ने, नी पेस्कादो, नी हामोन’ असं तिन्ही वेगळं सांगावं, कारण नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर भाजीत हॅमचे तुकडे येऊ शकतात. नळाचं पाणी बऱ्याच ठिकाणी खारट लागतं. सुपरमार्केटमधून पाच लिटरचा कॅन आणून खोलीत ठेवा.

कार्डाने पैसे देताना यंत्र विचारतं, रुपयांत की युरोत. युरोच दाबा; रुपयांत दाबलं की विनिमयाचा दर त्यांचा. आणीबाणीचा क्रमांक ११२.

परत निघताना, चपला-कपडे-परफ्यूम घेतलं असेल तर दुकानातून ‘दिवा’चा फॉर्म मागून घेतलेला असू द्या. भारतात राहणाऱ्याला व्हॅट परत मिळतो आणि स्पेनमध्ये त्याला किमान खरेदीची अट नाही. बॅग थेट गोव्यापर्यंत जाणार असेल तर ती देण्याआधी इबिझाच्याच विमानतळावर फॉर्म यंत्रात स्कॅन करा. बार्सिलोनात बॅग पुन्हा हातात येणार असेल तर तिथे करा. माल पाहायला मागितला आणि बॅग आधीच पुढे गेली असेल तर पैसे मिळत नाहीत.